चेक भाषेत ‘सॉरी’ म्हणायचं कसं: नवीन आलेल्या मराठी माणसांसाठी

प्राग, ब्रनो, म्लादा बोलेस्लाव, चेक प्रजासत्ताकात कुठेही नोकरीला नाहीतर शिकायला आलात की पहिले काही महिने इंग्रजीवर भागतं, भाषेच्या क्लासात कॉफी मागायला आणि तिकीट काढायला शिकवतात, आणि मग एक दिवस शेजारच्या टेबलावरची बाई डोळे पुसत बसलेली दिसते आणि तिला काय म्हणावं ते आपल्याला येत नाही. अशा वेळी बहुतेक जण फोनमध्ये ‘आय अ‍ॅम सॉरी’ टाकतात आणि जे पहिलं येईल ते वाचून दाखवतात. कधी ते बरोबर येतं, कधी त्याचा अर्थ ‘माझी चूक झाली’ असा निघतो, आणि एकदोन शब्द इकडचे तिकडे झाले तर ‘मला तुमची कीव येते’ असाही निघतो. दुःखात असलेल्या माणसासमोर हे व्हायला नको, म्हणून हे सगळं नीट, एकेक पायरी करून लिहितेय.

उच्चार मी देवनागरीत दिलेत, ते जवळपासचे समजा. दोनतीन गोष्टी आपल्याला आयत्याच मिळालेल्या आहेत. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च असे दोन्ही चेकमध्ये आहेत, आणि त्यांची अक्षरंही वेगळी आहेत (साधं सी म्हणजे चमच्यातला, डोक्यावर टोपी असलेलं सी म्हणजे चहातला). चमच्यातला च मी खाली ‘त्स’ असा लिहिलाय, म्हणजे गोंधळ नको. जोर कायम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर द्यायचा. स्वराच्या डोक्यावर तिरपी रेघ असली तर तो लांबवायचा, आणि हे ऱ्हस्व-दीर्घ चेक माणूस अगदी काटेकोर पाळतो. र आणि झ एकदम काढायचा तो प्रसिद्ध उच्चार मात्र वेळ घेतो, तोपर्यंत साधा ‘र्झ’ किंवा ‘र्श’ म्हणा, समजतं लोकांना.

पायरी पहिली: इंग्रजी वाक्य बाजूला ठेवा आणि आधी मराठीत म्हणून बघा

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी पुढे तपशील. इंग्रजीत ट्राममध्ये धक्का लागला तरी सॉरी, कुणाचे वडील गेले तरी सॉरी, दुकानात ब्रेड संपला तरी सॉरी, आणि समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तरी सॉरी. चेकमध्ये या प्रत्येकाला वेगळं वाक्य आहे. मराठीतही आहे! आपण धक्का लागला तर ‘माफ करा’ म्हणतो, कुणी आजारी असल्याचं कळलं तर ‘ऐकून वाईट वाटलं’ म्हणतो, आणि ब्रेड संपला असेल तर दुकानदार ‘नाही हो, संपला’ म्हणतो. म्हणजे जे वेगळेपण इंग्रजीत पुसलं जातं ते आपल्या डोक्यात आधीपासून आहे, पण परदेशात आल्यावर आपण सगळं इंग्रजीतून विचार करायला लागतो आणि ते वापरतच नाही. तर सवय अशी लावा: इंग्रजी वाक्य आलं की आधी मराठीत म्हणा, मग त्या मराठीचं चेक शोधा.

पायरी दुसरी: ‘मला’ पकडा

इंग्रजी म्हणतं ‘मी दुःखी आहे’. मराठीत कुणी असं बोलत नाही, आपण ‘मला वाईट वाटतंय’ म्हणतो. चेकचं अगदी तसंच. ‘ये मि लीतो’ यात ‘ये’ म्हणजे आहे, ‘मि’ म्हणजे मला, आणि ‘लीतो’ म्हणजे वाईट, खेद. चेक शाळेत विभक्त्यांना नावांपेक्षा नंबरानेच ओळखतात, एकूण सात, आणि हा ‘मि’ तिसऱ्या नंबरचा, म्हणजे आपली चतुर्थी. दुःख, आठवण, भीतीने जीव गुदमरणं, रडू येणं, यातलं बरंचसं या ‘मि’नेच सांगतात.

याचा एक फायदा असा की बोलणारा बाई आहे का पुरुष याने वाक्य बदलत नाही, जसं ‘मला वाईट वाटलं’ हे मराठीत कुणीही म्हणू शकतं. इंग्रजीची नक्कल करून ‘मी दुःखी आहे’ म्हणायला गेलात तर मात्र पुरुषाला ‘सेम स्मुत्नी’ आणि बाईला ‘सेम स्मुत्ना’ असं बदलावं लागतं. म्हणून नवीन असताना ‘मि’वाली वाक्यं धरून ठेवा, चुकायला जागाच कमी असते.

एक बारीक अडचण आहे. मराठी ‘मला’ द्वितीयेतही चालतं आणि चतुर्थीतही चालतं, चेकमध्ये दोन्हीला वेगळी रूपं आहेत, ‘मि’ आणि ‘म्न्ये’. ‘तो म्न्ये म्रझी’ (मला याचं वाईट वाटतंय) यात दुसरं रूप लागतं. हे दोन पाठच करावे लागतात. आणि ‘म्न्ये’ कुठे कसं लिहायचं हे चेक मुलांनाही शाळेत घोकावं लागतं, त्यामुळे तुमची गडबड झाली म्हणून कुणी हसणार नाही.

पायरी तिसरी: माफीचं सॉरी

हे सोपं आहे, पटकन उरकते. अनोळखी माणसाला, वयाने मोठ्याला, दुकानदाराला ‘प्रोमिन्यते’. मित्राला, मुलाला ‘प्रोमिन्य’. ट्राममध्ये धक्का लागला तर ‘पार्दोन’ही चालतं. गर्दीतून वाट काढायची असेल तर ‘स दोवोलेन्यीम’, हे ‘जरा जाऊ द्या’सारखं. कामात काही चुकलं, मेल उशिरा गेली, तर ‘ओम्लोउवाम से’, म्हणजे मी माफी मागतो किंवा मागते.

तू आणि तुम्ही हा फरक इथे आपल्यासारखाच आहे. इंग्रजी ‘यू’ची सवय लागलेला माणूस तो विसरतो, मराठी माणसाने विसरायला नको. ‘तू’ म्हणूया असं सहसा मोठ्याने किंवा बाईने सुचवायचं असतं, आपण होऊन सुरुवात करू नये, आयटी कंपन्यांमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून सगळे ‘तू’वरच असतात.

मला सगळ्यात आवडतं ते ‘नेझ्लोप्ते से’. याचा सरळ अर्थ ‘रागावू नका’. बोलणं मध्येच तोडायचं असेल, नाही म्हणायचं असेल, कुणाला दुसऱ्यांदा त्रास द्यायचा असेल, तर सुरुवातीला हे लावतात, आपण ‘रागावू नका हं, पण’ म्हणतो तिथे तिथे. मित्राला ‘नेझ्लोप से’. आणि समोरचा उत्तर काय देतो? ‘न्यित्स से नेस्तालो’, शब्दाला शब्द लावला तर ‘काही झालं नाही’! नाहीतर नुसतं ‘तो न्यित्स’. कुणी तुमची माफी मागितली तर तुम्हीही हेच म्हणा.

पायरी चौथी: ‘ऐकून वाईट वाटलं’

सहकाऱ्याचं मूल आजारी आहे, मैत्रिणीचा व्हिसा अडकलाय, शेजाऱ्याची नोकरी गेली. इथे ‘प्रोमिन्यते’ अजिबात म्हणू नका, त्याचा अर्थ मुलाला ताप तुमच्यामुळे आला असा होईल. इथे दोन वाक्यं आहेत: ‘तो म्न्ये म्रझी’ आणि ‘तो ये मि लीतो’. दोन्ही बरोबर आहेत, पण वजन वेगळं आहे. पहिलं जरा हलकं, रोजचं, सहल रद्द झाली किंवा परीक्षेत नापास झालं अशा वेळचं. दुसरं जड. आजारपण गंभीर असेल, घटस्फोट असेल, कुणी गेलं असेल, तर ‘लीतो’च बरं, आणि त्यात ‘मोत्स’ म्हणजे खूप हा शब्द घाला, ‘ये मि तो मोत्स लीतो’.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इंग्रजीत ‘सॉरी फॉर यू’ म्हणतात म्हणून चेकमध्ये ‘तुमच्यासाठी’, ‘तुझ्यासाठी’ असं काहीतरी घालायचा मोह होतो. घालू नका. ‘ये मि वास लीतो’ किंवा ‘ये मि त्ये लीतो’ याचा अर्थ ‘मला तुमची कीव येते’, ‘मला तुझी दया येते’. जिवाभावाच्या माणसाला मायेने म्हटलं तर ठीक, पण ऑफिसातल्या माणसाला ते वरून खाली बघितल्यासारखं लागतं. ‘लितुयि वास’ याचंही तेच. तेव्हा वाक्यात ‘तो’ म्हणजे ‘ते, ती गोष्ट’ असलं पाहिजे, समोरचा माणूस असता कामा नये. वाईट गोष्टीचं वाटतंय, माणसाची कीव येत नाहीये, एवढा फरक डोक्यात ठेवलात की चुकणार नाही.

दुसरा खड्डा मराठीतून येतो, आणि इथे माझाच पहिल्या पायरीचा सल्ला जरा जपून वापरावा लागतो. ‘वाईट’ला चेक शब्द शोधला तर डिक्शनरीत ‘श्पात्न्ये’ सापडतो आणि आपण मोठ्या मनाने ‘ये मि श्पात्न्ये’ म्हणून मोकळे होतो. त्याचा अर्थ ‘मला मळमळतंय, मला बरं वाटत नाहीये’. समोरचा आपलं दुःख विसरून तुम्हाला खुर्ची आणून देईल आणि पाणी विचारेल. मनाला वाईट वाटलं तर ‘लीतो’, तब्येतीला वाईट वाटलं तर ‘श्पात्न्ये’.

धीर द्यायचा असेल तर ‘द्रश से’ (स्वतःला सांभाळ), तुम्ही म्हणायच्या माणसाला ‘द्रश्ते से’. हे फोन ठेवतानाही सर्रास म्हणतात. परीक्षा, इंटरव्ह्यू, ब्रेकअप अशा वेळी ‘न्यित्स सि स तोहो नेद्येलेय’, म्हणजे मनावर घेऊ नकोस. ‘ह्लावु व्झ्हूरु’ म्हणजे मान वर कर, हेही अशाच वेळचं. मृत्यूच्या वेळी ही दोन्ही वाक्यं म्हणू नका, तिथे ती कोरडी लागतात.

पायरी पाचवी: छोटी हळहळ

गाडीचं नाव म्हणून आपल्याकडे पोराटोरांना माहीत असलेला श्कोदा हा शब्द, छत्रपती संभाजीनगरच्या (आधीच्या औरंगाबादच्या) शेंद्र्यात ज्यांचा कारखाना आहे तीच कंपनी. ते प्ल्झेन्यच्या एमिल श्कोदा या उद्योगपतीचं आडनाव, पण चेकमध्ये हा साधा रोजचा शब्दही आहे, अर्थ नुकसान, हळहळ. ‘तो ये श्कोदा’ म्हणजे ‘अरेरे, काय हे’. पार्टीला येता येणार नाही, शेवटचा केक संपला, पाऊस आला, सगळीकडे चालतं. नुसतं ‘श्कोदा!’ म्हटलं तरी पुरे.

इथे इंग्रजीतला ‘शेम’ शब्द फसवतो. ‘व्हॉट अ शेम’ म्हणायचंय म्हणून ‘शेम’चा शब्द शोधलात तर ‘ओस्तुदा’ मिळेल. ‘तो ये ओस्तुदा’ म्हणजे ‘ही लाजिरवाणी गोष्ट आहे’. कुणी म्हणालं की माझी बहीण लग्नाला येऊ शकली नाही, आणि तुम्ही म्हणालात ‘तो ये ओस्तुदा’, तर तुम्ही बहिणीलाच बोल लावलात.

बिचारा, बिचारी याला ‘खुदाक’. मूळ शब्दाचा अर्थ गरीब, आपण ‘गरीब बिचारा’ म्हणतो तसंच. शब्द पुल्लिंगी आहे तरी ‘खुदाक होल्का’ म्हणजे बिचारी पोरगी असं बिनधास्त म्हणतात. पण माणसाच्या पाठीमागे म्हणायचा शब्द आहे हा, तोंडावर म्हणताना जपून.

आणि ‘बोहुझेल’. दुकानात, दवाखान्यात, सरकारी ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकाल. ‘दुर्दैवाने’ असं डिक्शनरी सांगते, पण वापर आपल्या ‘नाही हो’सारखा आहे. काही मागितलं आणि समोरून ‘बोहुझेल’ ऐकू आलं की पुढचं वाक्य कळलं नाही तरी उत्तर नाही आहे हे समजून घ्या. तुम्हालाही नम्रपणे नाही म्हणायचं तर ‘बोहुझेल ने’. इंग्रजीत आपण ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ने सुरुवात करून नकार देतो, त्याचं शब्दशः ‘बोयीम से’ करू नका, तो खरोखरचा घाबरलेला माणूस होतो. आणि सरकारी पत्राच्या सुरुवातीला ‘स पोलितोवान्यीम’ दिसलं तर ते ‘खेदाने कळवतो’ आहे, अर्ज नामंजूर झालाय, पुढचं पत्र कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, कारण अपिलाची मुदत खाली लिहिलेली असते.

पायरी सहावी: आठवण येणं

‘आय मिस यू’ला दोन पर्याय. ‘खिबीश मि’ म्हणजे ‘तू मला कमी आहेस’, हे प्रेमात, मैत्रीत, मेसेजमध्ये. आणि ‘स्तीस्का से मि पो तोब्ये’, हे मला जास्त खोल वाटतं, आपण ‘तुझी खूप आठवण येते’ म्हणतो तसं, त्यात तगमग आहे. घराची आठवण येत असेल तर ‘स्तीस्का से मि पो दोमोव्ये’. सुरुवातीच्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडतो त्या दिवसांत, हे वाक्य लागतंच, आणि चेक माणसाला ते सांगितलंत तर तो विषय टाळत नाही, घरी कोण कोण असतं ते विचारतो. हेही ‘मि’वालंच वाक्य आहे बघा.

बस चुकली याला मात्र आठवणीचा शब्द लावायचा नाही, इंग्रजीत दोन्हीला ‘मिस’ म्हणून गोंधळ होतो. ‘उयेल मि आउतोबुस’ म्हणजे ‘माझी बस गेली’, किती आपल्यासारखं!

पायरी सातवी: स्वतःचं दुःख सांगणं

‘ये मि स्मुत्नो’ म्हणजे मला उदास वाटतंय. ‘ये मि दो प्लाचे’ म्हणजे मला रडू येतंय. ‘ये मि ऊस्को’ म्हणजे जीव घाबरा होतोय, आत दाटल्यासारखं होतंय (ऊस्को म्हणजे अरुंद). ‘सेम ना द्न्ये’ म्हणजे मी पार खचलोय, तळाला गेलोय. या चारांत तुमचं बरंचसं येईल.

‘डिप्रेस’ हा शब्द आपण मराठीतही हल्ली सहज वापरतो, चेक तरुणांतही ‘माम देप्कु’ म्हणजे ‘मूड एकदम डाउन आहे’ असं गप्पांत म्हणतात. पण डॉक्टरकडे बोलताना गंमतीचा शब्द आणि आजाराचा शब्द वेगळे ठेवा. ‘माम देप्रेसि’ असं म्हणाल तर तो आजाराचं नाव घेतोय असंच धरेल. खरंच तसं वाटत असेल तर अवश्य म्हणा, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि भाषा अडत असेल तर कुणालातरी सोबत न्या.

भूतकाळात आलात की लिंग येतं. ‘मी रडलो’ हे ‘प्लाकाल सेम’, ‘मी रडले’ हे ‘प्लाकाला सेम’. लो-ले करणाऱ्या आपल्याला यात शिकवण्यासारखं काही नाही, पण भाषांतराचं ॲप इंग्रजीतून करत असल्यामुळे त्याला तुम्ही बाई आहात की पुरुष हे कळत नाही आणि ते बऱ्याचदा पुरुषाचंच रूप देतं. बायकांनो, पाठवायच्या आधी शेवटचं अक्षर बघा.

पायरी आठवी: कुणी गेलं असेल तेव्हा

इथे घाई करू नका, म्हणून मीही सावकाश लिहिते.

आधी शब्द. ‘झेम्र्झेल’ म्हणजे वारले, हा सगळीकडे चालणारा, आदराचा शब्द, बाईसाठी ‘झेम्र्झेला’. ‘उम्र्झेल’ हा बोलण्यातला, घरचा. ‘ओदेशेल’ म्हणजे गेले, पण याचा अर्थ ऑफिसमधून घरी गेले किंवा नोकरी सोडून गेले असाही होतो, अगदी मराठी ‘गेले’सारखा, म्हणून फोनवर ऐकलात तर लगेच निष्कर्ष काढू नका. जनावरांसाठी एक शब्द आहे, ‘ख्त्सीप्ल’, तो माणसासाठी शिवी होते, सिनेमात ऐकू येईल, पण उचलू नका. मृत्यू म्हणजे ‘स्म्र्त’, मेलेला म्हणजे ‘म्र्त्वी’, विधवा म्हणजे ‘व्दोवा’. आपल्या मृत, मृत्यू आणि विधवा या शब्दांची ही लांबची भावंडं आहेत, त्यामुळे लक्षात राहायला त्रास नाही.

‘माझी आजी गेली’ हे चेक माणूस ‘उम्र्झेला मि बाबिच्का’ असं सांगतो, म्हणजे ‘आजी मला वारली’, परत तोच ‘मि’. इंग्रजीच्या धाटणीने ‘माझी’चा शब्द घालून बोललात तर चूक नाही, पण ते थोडं बातमी वाचल्यासारखं लागतं.

आणि एक फार महत्त्वाचं. समोरच्याच्या आईवडिलांचा उल्लेख करताना इंग्रजी ‘मदर’चं ‘मात्का’ आणि ‘फादर’चं ‘ओतेत्स’ करू नका. शब्द बरोबर आहेत, पण कोरडे आहेत, फॉर्मवर लिहायचे. दुसऱ्याच्या आईला ‘मामिन्का’ आणि वडिलांना ‘तात्यीनेक’ म्हणतात. मूळचे लाडाचे शब्द, पण दुसऱ्याच्या आईवडिलांबद्दल बोलताना तेच आदराचे ठरतात, पन्नाशीच्या बॉसच्या आईलाही ‘वाशे मामिन्का’च. ही एक गोष्ट केलीत तरी तुमचं वाक्य माणसाच्या तोंडचं वाटेल.

ठरलेलं वाक्य आहे ‘उपर्शीम्नोउ सोउस्त्रास्त’. पहिला शब्द म्हणजे मनापासून, दुसऱ्याचे तुकडे केले तर सोबत आणि वेदना, म्हणजे सहवेदना. अंत्यविधीत हस्तांदोलन करून, डोळ्यात बघून, हळू आवाजात हे दोनच शब्द म्हणायचे आणि पुढे सरकायचं. समोरचा ‘द्येकुयि’ म्हणजे धन्यवाद म्हणतो. जास्त बोलायची अपेक्षा नसते. मिठी जवळच्यांचीच. इंग्रजी ‘सॉरी फॉर युवर लॉस’चं शब्दशः ‘ये मि लीतो वाशी स्त्राती’ असं भाषांतर डब केलेल्या अमेरिकन सिनेमांत ऐकू येतं, समजतंही, पण माझ्या मते ते टाळा, घरच्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही.

जवळच्या माणसाला हे दोन शब्द अपुरे वाटतात, तिथे मेसेज लिहा. समजा ऑफिसमधल्या याना नावाच्या मैत्रिणीचे वडील वारलेत. सुरुवात ‘मिला याना’ अशी करू नका, ‘मिला यानो’ करा. आपण ‘मुला’, ‘देवा’, ‘मुलांनो’ अशी हाक मारतो ती संबोधन विभक्ती चेकमध्ये पाचव्या नंबरला आहे आणि ती नावांनाही लागते, यानाचं यानो, तोमाशचं तोमाशि. मग: ‘ये मि मोत्स लीतो, झे त्यि झेम्र्झेल तात्यीनेक.’ म्हणजे तुझे बाबा गेले याचं मला खूप वाईट वाटतंय. यात ‘त्यि’ म्हणजे तुला, वर आजीच्या वाक्यात ‘मि’ होता तसाच. पुढे: ‘मिस्लीम ना तेबे.’ तुझा विचार मनात आहे. मग: ‘ग्दिबिस न्येत्सो पोत्र्शेबोवाला, ओझ्वि से.’ काही लागलं तर सांग. इथे ‘पोत्र्शेबोवाला’ हे बाईला लिहायचं रूप, पुरुषाला ‘पोत्र्शेबोवाल’. बस, खाली आपलं नाव. देव, आत्मा, पुढचा जन्म हे काही घालू नका, चेकमधले बरेच लोक धर्म मानत नाहीत, आणि आपल्याला जो दिलासा वाटतो तो त्यांना वाटेलच असं नाही. शब्दच सुचत नसतील तर ‘नेवीम, त्सो र्झीत्स्त’, काय बोलावं कळत नाही, हे वाक्यही तिथे पूर्ण मानतात.

कुणी गेल्यावर इथे ‘पार्ते’ काढतात. काळ्या चौकटीतलं एक पान, नाव, जन्माची आणि मृत्यूची तारीख, एखादी कवितेची ओळ, घरच्यांची नावं आणि निरोपाची वेळ. ते नातेवाइकांना पाठवतात आणि गावात काचेच्या पेटीत लावतात. वरचं वाक्य बहुधा ‘स ह्लुबोकीम झार्मुत्केम ओझ्नामुयेमे’ अशा धाटणीचं, म्हणजे अत्यंत दुःखाने कळवतो. हा ‘झार्मुतेक’ शब्द अशाच जागी शोभतो, सुट्टी रद्द झाली म्हणून वापरायचा नाही. पार्ते हातात आलं की दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे जागा आणि वेळ, बहुतेक वेळा दाहगृहाचा हॉल असतो, दहनाचं प्रमाण युरोपात सर्वात जास्त असलेल्या देशांत चेक येतो. दुसरी म्हणजे शेवटच्या ओळींत ‘सोउस्त्रास्त्यि’ हा शब्द ‘उपुस्त्यते’ सोबत आलाय का. आला असेल तर घरच्यांनी ‘कृपया सांत्वनाचं काही बोलू नका’ असं लिहिलंय, मग रांगेत उभं राहून हात मिळवायचा नाही, मागे शांत बसायचं आणि निघायचं. हे न कळल्यामुळे नवीन माणूस नेमका पुढे जातो.

फुलं न्यायची तर सम संख्येत, दोन, चार, सहा. वाढदिवसाला, भेटीला विषम. फुलवाल्या बाईला फक्त ‘ना पोहर्शेप’ म्हणजे अंत्ययात्रेसाठी असं सांगा, ती बरोबर मोजून देते.

२ नोव्हेंबरला ‘दुशिच्की’, गेलेल्यांचा दिवस. त्याच्या आसपासच्या आठवड्यात लोक स्मशानात जाऊन थडगी साफ करतात, शेवंती ठेवतात, मेणबत्त्या लावतात, संध्याकाळी सगळं आवार उजळलेलं असतं. कॅलेंडरात दिसतो म्हणून कुणाला याच्या शुभेच्छा देऊ नका. सहकारी म्हणाला की विकेंडला आईच्या थडग्यावर जाऊन आलो, तर नुसतं ऐका, आई कशा होत्या ते विचारलंत तर त्याला बरंच वाटेल.

पायरी नववी: पाठवण्याआधी तपासणं

भाषांतराच्या ॲपवर शेवटचा विश्वास ठेवू नका. शब्दाची रूपं बघायला चेक अकादमीच्या भाषा संस्थेची ‘इंतेर्नेतोवा याझिकोवा पर्शीरुच्का’ आहे, फुकट आहे, कुठलाही शब्द टाकला की सातही विभक्त्या समोर येतात. इंग्रजी शब्दाला चेक लोक खरोखर काय काय वापरतात ते बघायचं तर चेक नॅशनल कॉर्पसचं (खऱ्या वापरातल्या मजकुरांचा मोठा संग्रह) ‘त्रेक’ नावाचं साधन आहे. ‘सॉरी’ टाका आणि कोणता पर्याय किती वेळा आला ते बघा, एका शब्दाच्या जागी किती शब्द निघतात ते डोळ्यांनी दिसेल. त्यात सिनेमाच्या सबटायटल्सचा भाग वेगळा करता येतो, तो काढून बघा, कारण सबटायटल्समध्ये इंग्रजी धाटणी फार शिरलेली असते. आणि शक्य असेल तर एखाद्या चेक माणसाला पाठवण्याआधी दाखवा. दुःखाचा मेसेज बरोबर आहे का असं विचारलं की लोक मनापासून मदत करतात.

शेवटचं: बातमी तुमच्याच घरची असेल तर

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी रात्री तो फोन येतो. त्या वेळी डोकं चालत नाही, म्हणून ही चार वाक्यं आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. ‘उम्र्झेल मि ताता’ (बाबा गेले), आईसाठी ‘उम्र्झेला मि मामा’. ‘मुसीम दोमू, दो इंदिये’ (मला घरी, भारतात जायला हवं). ‘पोत्र्शेबुयु वोल्नो’ (मला सुट्टी हवी आहे). बॉस आणि सहकारी ‘उपर्शीम्नोउ सोउस्त्रास्त’ म्हणतील, तुम्ही ‘द्येकुयि’ म्हणायचं, आणि कुणी जास्त विचारायला लागलं तर ‘नेख्त्सि ओ तोम म्लुवित’, मला त्याबद्दल बोलायचं नाहीये, हे सरळ सांगा, चेकमध्ये ते उद्धट मानत नाहीत.